तुमचे प्रश्न : एका घरात राहतो, पण एकमेकांचे आहोत का?

मागच्या अंकात म्हटलं होतं की फॉर्मेशनच्या, म्हणजे मठात व्रतांसाठी घडण्याच्या, काळात एकत्र राहण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. पत्रं बरीच आली, त्यातली पाच घेतेय. नावं कोणाचीच नाहीत, आणि घर ओळखू येईल असे तपशील मी काढून टाकलेत, त्यामुळे निर्धास्त वाचा.

सिस्टर, मी नॉव्हिस, म्हणजे व्रतांआधीची शिकाऊ सिस्टर, आहे, पहिलं वर्ष. आम्ही सात जणी आहोत. भांडणं अजिबात नाहीत, सगळ्या छान बोलतात, रिक्रिएशनला हसतो-खेळतो, पण आठ-आठ दिवस जातात आणि मला कोणी खरं काही विचारत नाही, मीही कोणाला विचारत नाही. आम्हाला घडवणाऱ्या मिस्ट्रेस सिस्टर म्हणतात कम्युनिटी हेच आता तुमचं कुटुंब, पण मला तसं काही वाटतच नाही. त्यात आमच्यातली एक जण बारीकसारीक सगळं मिस्ट्रेसना जाऊन सांगते, त्यामुळे तोंड उघडायची भीती वाटते. माझ्यातच काही कमी आहे का, की माझं पाचारणच, देवाचं बोलावणंच, खरं नाही?

पाचारणाचा निकाल यावरून लावू नकोस, ते आधी बाजूला ठेव. तुम्ही सात जणींनी एकमेकींना निवडलेलं नाही, एकाच वर्षी आत आलात एवढंच, मग सहा-आठ महिन्यांत बहिणी बहिणी वाटायला लागेल ही अपेक्षा कोणी ठेवली असेल तर ती जरा जास्तच आहे. ‘कुटुंब’ हा शब्द आपल्या घरांमध्ये फार लवकर वापरला जातो, पहिल्या दिवशीच्या स्वागताच्या भाषणात असतोच असतो, आणि मग ज्या मुलीला तसं वाटत नाही तिला वाटतं आपल्यातच खोट आहे.

आता तुमच्यात जी शांतता आहे ना, तिचं कारण मला तुझ्या पत्रातच दिसतंय. नॉव्हिशिएट, म्हणजे नॉव्हिस असण्याचा हा काळ, चर्चच्या कायद्याने किमान बारा महिन्यांची, आणि शेवटी कोणीतरी ठरवणार की हिला व्रतं घेऊ द्यायची की नाही. म्हणजे तुम्ही सातही जणी वर्षभर परीक्षा देताय, आणि परीक्षेला बसलेलं माणूस आपली चांगलीच बाजू दाखवतं, त्यात पाप नाही. पण सात जणी एकाच वेळी चांगली बाजू दाखवत बसल्या की घर असं गुळगुळीत होतं, भांडण नाही आणि जवळीकही नाही. भांडण नसणं ही काही कम्युनिटीची खूण नव्हे. कोणीच कोणापाशी काही मागत नाही अशा घरातसुद्धा भांडणं नसतात.

चर्चला हा धोका माहीत नाही असं समजू नकोस. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, ६३० व्या कॅननमध्ये (कलमात) स्पष्ट आहे की सभासदांनी आपणहून, विश्वासाने वरिष्ठांपाशी मन मोकळं करावं, पण वरिष्ठांनी कुठल्याही मार्गाने कोणाला मन उघडं करायला लावू नये. आणि ब्रदर-फादरांच्या घरात नॉव्हिस मास्टरने आपल्याच घरातल्या नॉव्हिसची कन्फेशन ऐकू नये, एखाद्याने एखाद्या वेळी आपणहून मागितलं तरच, हे ९८५ व्या कॅननमध्ये आहे. मतलब काय, तर जो तुमच्याबद्दल रिपोर्ट लिहिणार त्याच्या हातात तुमच्या अंतःकरणाची चावी जबरदस्तीने जाऊ नये. तेव्हा मिस्ट्रेसना सरळ विचार की सिस्टर, आमच्या रिपोर्टमध्ये काय काय लिहिलं जातं, आणि मी तुमच्याशी बोलते त्यातलं काय तिथे जातं. नम्रपणे विचारलेला हा प्रश्न उद्धटपणा नाही. चांगली मिस्ट्रेस याचं उत्तर देते, आणि उत्तर कळलं की अर्धी भीती तिथेच उतरते, कारण बहुतेक वेळा आपण मनात जेवढं रंगवलेलं असतं तेवढं त्या कागदावर नसतंच.

जी जाऊन सांगते तिचं काय. दोन गोष्टी वेगळ्या कर. कोणाच्या जिवाला धोका आहे, कोणी कोणाला त्रास देतंय, नको तिथे हात लावतंय, कोणी खाणंच सोडलंय, तर ते सांगायलाच पाहिजे, त्याच दिवशी, आणि मिस्ट्रेसने ऐकलं नाही तर तिच्या वरच्यांना. त्याला चुगली म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. बाकी कोण उशिरा आली, कोण चॅपलमध्ये पेंगली, कोण काय बोलली, यासाठी बायबलमध्ये मत्तयच्या १८ व्या अध्यायातला क्रम आहे, आधी दोघींनी एकांतात बोलायचं. ती तसं करत नसेल तर तू कर. तिला गाठ आणि म्हण, माझ्याबद्दल काही असेल तर आधी मला सांग, मी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नकोस, कठीण भाग तोच आहे. मला तर शंका आहे की सातांमध्ये सगळ्यात एकटी तीच असेल, मिस्ट्रेसशिवाय तिला बोलायला दुसरं कोणीच नसेल.

आणि सुरुवात कुठून करायची, तर मदत मागण्यातून. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या संघासाठी लिहिलेल्या १२२३ च्या नियमात भावांना सांगितलंय की प्रत्येकाने आपली गरज दुसऱ्याला बिनधास्त सांगावी, आणि पुढे म्हणतो की आई आपल्या पोटच्या पोराला जीव लावते तर आत्म्याने भाऊ झालेल्याला त्याहून किती जास्त लावला पाहिजे. बघ, गरज सांगणं आधी आहे आणि जीव लावणं नंतर. आपण उलट करतो, आधी प्रेम वाटायची वाट बघतो आणि गरज लपवून ठेवतो, वर तिला त्याग असं नाव देतो. डोकं फुटायला आलंय, धुण्याची पाळी आपली, बादली भरलेली, आणि तोंडातून शब्द नाही, ओठ घट्ट मिटून पिळून पिळून कपडे वाळत घालायचे, आणि शेजारची ते बघतेय पण तिलाही वाटतं विचारलं तर आगाऊपणा होईल. त्याऐवजी, ‘डोकं दुखतंय गं, एवढ्या चादरी घेतेस का, उद्या तुझी भांडी मी करीन.’ संपलं. यात काही आध्यात्मिक दिसत नाही, पण तुम्ही दोघी एका क्षणात एकमेकींच्या देणेकरी झालात, आणि नातं यातूनच सुरू होतं. बसून शेअरिंग करण्यातूनही होतं, पण ते नंतर.

संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या सहाव्या शतकातल्या नियमात किचनवर एक आख्खा अध्याय आहे, पस्तिसावा. सगळ्यांनी आठवड्याच्या पाळीने वाढायचं, आठवडा संपताना ज्याची पाळी संपली आणि ज्याची सुरू होतेय त्या दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी धुऊनपुसून जशीच्या तशी परत करायची. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की पाळीवर असणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडं पेय आणि ब्रेड जास्तीचं द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील! भुकेल्या माणसाची चिडचिड होते हे त्याने मान्य केलं आणि नियमातच सोय करून ठेवली, ‘सहन कर, अर्पण कर’ म्हणून सोडून दिलं नाही.

एक आणखी. तुम्हाला फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातल्या संत तेरेझाची ती गोष्ट सांगितली असेलच, धुणं धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर घाण पाणी उडवायची आणि ती गप्प राहून ते स्वीकारायची. गोष्ट खरी आहे, तिने स्वतःच लिहून ठेवलीय. पण ती नॉव्हिसना गप्प करायला वापरतात तेव्हा मला राग येतो. तेरेझाने ते आपणहून निवडलं होतं, कोणी तिला गप्प बस म्हटलं नव्हतं. आणि हीच तेरेझा पुढे नॉव्हिसची जबाबदारी सांभाळताना त्यांच्या चुका तोंडावर सांगायची, आणि नॉव्हिसनाही तिच्याबद्दल जे वाटेल ते तिला बोलायची मोकळीक होती. एकीने तिला न आवडणारं सगळं धडाधड सुनावलं तर हिने लिहिलं की सारखी साखर खाऊन कंटाळलेल्या जिवाला व्हिनेगर घातलेलं सॅलड मिळाल्यासारखं झालं. हा भाग कोणी सांगत नाही.

सिस्टर, मी ज्युनिअर ब्रदर आहे, पहिली व्रतं झालेला. एका ब्रदरशी माझी चांगली गट्टी आहे, काम संपलं की आम्ही दोघं चालायला जातो, पुस्तकांवर बोलतो. सुपिरियर, म्हणजे आमच्या घराचे प्रमुख, म्हणाले ही ‘खास मैत्री’ आहे, थांबवा. आम्ही काहीच चुकीचं करत नाही. मैत्री करायचीच नाही का?

करा की. ‘खास मैत्री’ची भीती जुनी आहे आणि तिला कारणंही होती. आविलाच्या संत तेरेझाने (ही स्पेनची, वरची वेगळी) १५६२ मध्ये पहिलं सुधारित घर काढलं ते मुद्दाम लहान ठेवलं, तेरा जणींपर्यंतचं, आणि तिने बजावलं होतं की एवढ्याशा घरात सगळ्यांनी सगळ्यांच्या मैत्रिणी असलं पाहिजे, कारण दोन-तीन जणींचा गट झाला की बाकीचं घर दुभंगतं. पण तिची स्वतःची पत्रं काढून वाचा, जीव लावलेल्या माणसांची काळजी, रुसवे, उत्तर का नाही आलं म्हणून तक्रारी, सगळं आहे. बाराव्या शतकात रीव्हॉचा एलरेड, स्वतः मठाधिपती, त्याने मठातल्या मैत्रीच्या बाजूने लिहिलं. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस, त्याने १५३७ मधल्या एका पत्रात आपल्या साथीदारांना ‘प्रभूमधले मित्र’ म्हटलंय. आणि त्याच्याच साथीदारांपैकी फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइना बेटावरून युरोपातल्या साथीदारांना कळवलं की तुमच्या पत्रांमधून तुमच्या हातच्या सह्या कापून घेतल्यात आणि माझ्या व्रतांच्या कागदासोबत त्या जवळ बाळगतोय. आता याला काय म्हणणार, खास मैत्री?

तरी सुपिरियरांचं म्हणणं उडवून लावू नका, आधी त्यांना विचारा की तुम्हाला नेमकं काय दिसलं. आणि स्वतःला विचारा, तुम्ही चालायला निघता तेव्हा तिसऱ्याला यावंसं वाटलं तर तो येऊ शकतो का, की तुमचे चेहरे पडतात? तुमच्या गप्पा पुस्तकांवर असतात की घरातल्या बाकीच्यांवर? तो दुसऱ्या कोणाशी हसून बोलला की तुमच्या पोटात गोळा येतो का? शेवटच्याचं उत्तर हो असेल तर घाबरू नका पण लपवूही नका, कोणातरी अनुभवी माणसाशी, आध्यात्मिक मार्गदर्शकाशी, स्पष्ट बोला, आकर्षण वाटत असेल तर त्या शब्दातच बोला. ब्रह्मचर्याचं व्रत घेणाऱ्याला हे बोलता यायलाच हवं. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांनी कोणाशीच मैत्री न करण्याची शिस्त पाळली, वीस वर्षं कोणी बोट दाखवू शकलं नाही, आणि मग एक दिवस कळलं की आजारी पडलो तर सांगायला कोणीच नाही.

नमस्कार सिस्टर, माझी मुलगी नॉव्हिशिएटमध्ये गेली. फोन फार कमी येतो, सुट्टी नाही म्हणते. प्रवेशाच्या वेळी सांगितलं की आता हेच तिचं कुटुंब. म्हणजे आम्ही कोणीच नाही का? घरात कोणाचं कशात लक्ष लागत नाही.

ताई, तुम्ही कायम तिची आईच आहात, ते कुठल्याही व्रताने पुसलं जात नाही. सुट्टीचं म्हणाल तर तो कोणाचा कडकपणा नाही, नॉव्हिशिएटच्या काळात सलग किंवा तुटक मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ती नॉव्हिशिएट कायद्याने धरलीच जात नाही, आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. त्यामुळे घरं सुट्टीबाबत जपून असतात. फोनचे नियम मात्र प्रत्येक संस्थेचे वेगळे. ते तुम्ही मिस्ट्रेसना विचारू शकता, किती दिवसांनी, किती वेळ, आजारी पडली तर आम्हाला कधी कळवणार. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्याचं उत्तर टाळणारं घर मला आवडणार नाही.

ती तिथल्या माणसांशी जोडली गेली म्हणून तुमच्यापासून तुटते असं होत नाही, खरं तर जी मुलगी घरून प्रेम घेऊन येते तिला तिथे जुळवून घ्यायला सोपं जातं. वेदना मात्र राहते, ती नाही असं मी सांगणार नाही. वर ज्या लिझ्यूच्या तेरेझाचं लिहिलं, तिच्या दोन सख्ख्या बहिणी त्याच मठात होत्या, तरी वडील मनाने आजारी होऊन इस्पितळात होते तेव्हा तिला मठाबाहेर पाऊल टाकता आलं नाही, आणि ते दुःख तिने लपवलेलं नाही. फोन आला की तुमच्या घरातलं रोजचं बोला, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, शेजारी काय झालं. ‘कधी येतेस’ एवढंच विचारलं की ती पुढच्या वेळी फोन करायला कचरते. आणि एक गोष्ट तिला आत्ताच सांगून ठेवा, की हे तुझं नाही असं वाटलं तर दार उघडं आहे, लोक काय म्हणतील ते आम्ही बघू. नॉव्हिस कधीही मोकळेपणाने परत जाऊ शकते, तो तिचा हक्कच आहे. घरच्या लाजेपोटी थांबलेल्या मुली पुढे स्वतःला आणि घराला दोघांना जड जातात.

आमच्याकडे फॉर्मेशनला वेगवेगळ्या भाषांच्या मुली येतात. जेवताना, कामाला, सगळीकडे भाषेप्रमाणे गट पडतात. एका भाषेच्या दोघीच आहेत, त्या एकदम गप्प झाल्यात. सगळ्यांना एकच भाषा सक्तीची करू का? — एक फॉर्मेटर (फॉर्मेशनची जबाबदारी असलेली)

जेवणाच्या टेबलावर आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना कळेल ती एक भाषा, हे ठीक आहे, तेवढा आग्रह धरा. चोवीस तास सक्ती नको. माणूस रडतं आणि प्रार्थना करतं ते आपल्या भाषेत, त्या दोघींकडून तेवढं तरी काढून घेऊ नका.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय मुलींसोबत बसून वाचा. सगळे एकदिलाचे होते, सगळं सामाईक होतं, हे त्याच पुस्तकात आधी येतं, आणि लगेच पुढे भांडण. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. भाषा आणि जेवण, म्हणजे तुमच्या घरातलंच भांडण! प्रेषितांनी ‘एकी ठेवा’ म्हणून प्रवचन दिलं नाही, सात जण निवडायला लावले आणि वाटपाची जबाबदारी त्यांच्याकडे दिली, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप, निकानोर, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्यांच्या हातात कोठार गेलं. तुमच्या त्या दोन गप्प मुलींच्या हातात काय आहे? झाडू सोडून विचारतेय. महिन्याचं कामाचं वेळापत्रक लावणं, गाणी निवडणं, हिशोबाची वही, यातलं काही?

ज्येष्ठता कशी धरता तेही बघा. बेनेडिक्टच्या नियमात मठातली जागा प्रवेशाच्या वेळेवरून ठरते, दिवसाच्या पहिल्या तासाला आला तो दुसऱ्या तासाला आलेल्याच्या पुढे, मग मागून आलेला वयाने मोठा असो की मोठ्या घरचा. शिकलेल्या, चांगलं बोलता येणाऱ्या मुलींना आपण नकळत पुढे ढकलतो, पाहुणे आले की त्याच, वाचनाला त्याच, आणि मग म्हणतो गट का पडले. उच्चारांच्या नकला मात्र पहिल्या दिवसापासून बंद, गमतीतल्यासुद्धा, यावर मी अजिबात मऊ नाही.

१९९४ मध्ये रोमहून बंधुजीवनावर जे दस्तऐवज आलं त्यात म्हटलंय की फॉर्मेशनमधल्यांना सुरुवातीपासून कम्युनिटीचे नुसते उपभोक्ते नाही तर बांधणारे म्हणून तयार करायला हवं. तुम्ही सगळे नियम स्वतः ठरवून दिलेत तर त्या बांधणार कशा. टेबलावर कोण कुठे बसणार हे एक महिना त्यांनाच ठरवू द्या, गोंधळ होईल, होऊ द्या, आणि महिनाअखेरीला बसून कोणाला कुठे एकटं वाटलं ते बोला. तुम्ही शेवटी बोला.

आमच्यातली एक जण मागच्या महिन्यात सोडून गेली. सकाळी प्रार्थनेला तिची जागा रिकामी होती, कोणी काही बोललं नाही. तिच्याशी संपर्क ठेवला तर चालेल का?

चालेल. ही पहाटे गुपचूप पाठवणी करण्याची पद्धत अजून चालू आहे हे वाचून वाईट वाटलं, मागे राहिलेल्यांना त्यातून एकच कळतं की इथून गेलेलं माणूस मेल्यासारखं. ती का गेली ते तुम्हाला सांगायची गरज नाही, ती तिची गोष्ट आहे, पण ती गेली एवढं तरी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, आणि जाणारीला चालत असेल तर नीट निरोपही द्यायला हवा होता. मिस्ट्रेसना सांग की मला तिला पत्र लिहायचंय, लपूनछपून कोणाच्या फोनवरून मेसेज करू नकोस, त्याने नसलेला संशय तयार होतो. पत्रात तिला परत ये असंही लिहू नकोस आणि बरं झालं सुटलीस असंही नको. तिची एखादी वस्तू मागे राहिली असेल तर ती पाठव, तिच्या जागी आता पेटी कोण वाजवतं ते लिही, तू कशी आहेस ते लिही. पत्ता ऑफिसच्या रजिस्टरमध्ये असतो.